जोसेफिन बेकरला गाता येत नव्हतं, हे कोणी ठरवलं?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला. शेवटी आला तो मावशीकडून. खाली तिचा प्रश्न होता, "हे खरं का गं? तू फ्रेंच शिकलीस ना?" मजकूर लांबलचक आहे, पण त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जोसेफिन बेकर ही अमेरिकेतून पॅरिसला पळून गेलेली नाचणारी. तिला ना गळा, ना शिक्षण. कमरेला केळी बांधून आफ्रिकेतला रानटी नाच केला आणि गोऱ्यांनी डोक्यावर घेतली. स्वतःच्या समाजासाठी काही केलं नाही. गायिका, हेर, समाजसेविका ही बिरुदं मागाहून चिकटवलेली. हौसेखातर बारा मुलं गोळा केली, पैसा उधळला आणि भिकेला लागून मेली. अशा बाईला फ्रान्सनं २०२१ साली आपल्या थोर माणसांच्या शेजारी पुरलं.

मावशीला दोन ओळींत "खरं नाही" असं कळवता आलं असतं. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे आणि त्या कणाच्या आधारानंच बाकीचं खपून जातं. म्हणून एकेक वाक्य हातात घेऊन लिहिते आहे.

"गळा नव्हता."

इथूनच सुरुवात करते, कारण मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पुण्यात फ्रेंचच्या वर्गाला जायला लागून आम्हाला तीनेक महिने झाले होते. क्रियापदं चालवताना जीभ अडखळायची. एके दिवशी बाईंनी १९३० सालचं एक ध्वनिमुद्रण लावलं आणि म्हणाल्या, जे ऐकू येईल ते लिहा. गाणं होतं 'झे दो झामूर'. जुन्या तबकडीची खरखर, मागे वाद्यवृंद, आणि त्या सगळ्यावर अलगद तरंगणारा एक हलका, उंच आवाज. ध्रुवपदाच्या दोन ओळी वर्गातल्या बहुतेकांना लिहिता आल्या. माझी दोन प्रेमं, माझा देश आणि पॅरिस. त्यांच्यापायी माझं मन सदाचं हरखलेलं. दुसरी ओळ 'रावी' या शब्दावर संपते. रावी म्हणजे हरखलेलं. तो शब्द ती असा ठेवते, की त्याचा अर्थ ठाऊक नसलेल्यालाही तो वेगळा ऐकू येतो.

नव्वद वर्षांपूर्वीच्या तबकडीवरून तीन महिन्यांच्या विद्यार्थ्यांना शब्द कळतात, याला आपल्याकडे नाट्यसंगीताच्या भाषेत शब्दफेक म्हणतात. आणि ही गाणारी मूळची अमेरिकन. तेव्हा तिला फ्रान्समध्ये येऊन पाचच वर्षं झाली होती, आली तेव्हा तिला फ्रेंच येत नव्हतं. परक्या भाषेत गाताना सूर सांभाळला तर शब्द सुटतो आणि शब्द धरला तर सूर. तिचं दोन्ही जागेवर आहे.

हे आपोआप झालेलं नाही, आणि मजकूर लिहिणाऱ्यानं नेमकं तेच गाळलं आहे. तिची पहिली ध्वनिमुद्रणं १९२६ सालची, ओडियन कंपनीची. गाणी अमेरिकन, इंग्रजी, 'डायना'सारखी. आवाज गोड आहे पण बारीक, घाईत असल्यासारखा. मध्येच ती शब्द सोडून नुसत्या बोलांवर खेळते. ती तबकडी आणि १९३० ची तबकडी एकापाठोपाठ ऐकली, तर मधल्या चार वर्षांत तिनं काय केलं ते कानांना कळतं. तिचा व्यवस्थापक आणि जोडीदार पेपितो आबातिनो यानं तिला गाण्याची, भाषेची, रंगमंचावरच्या वावराची तालीम घ्यायला लावली. १९२८ आणि १९२९ मध्ये ती युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. परत आली ती कॅझिनो द पारीच्या रंगमंचावर, मुख्य गायिका म्हणून. 'झे दो झामूर' तिथलंच. चाल व्हँसाँ स्कोतोची, शब्द झेओ कोझे आणि आँरी वार्ना यांचे. स्कोतो तेव्हाचा फार मोठा लोकप्रिय संगीतकार. तो ज्याच्या-त्याच्या गळ्यासाठी चाल बांधायचा. या गाण्याची चाल पाहा. ती बाईला ओरडायला लावत नाही, श्वास घ्यायला जागा देते आणि तिच्या आवाजाचा वरचा, पारदर्शक भाग पुढे आणते. आवाज नसलेल्या बाईसाठी कोणी अशी चाल बांधत नाही.

एवढ्यावरही शंका असेल तर १९३४ साल घ्या. त्या वर्षी तिनं पॅरिसच्या मारिन्यी थिएटरात ऑफेनबाख या संगीतकाराच्या 'ला क्रेओल' या ऑपेरेटात, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेत, प्रमुख भूमिका केली. ऑपेरेटात गळ्याला लपायला जागा नसते. वाद्यवृंद ओलांडून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो, आणि तोही रोज. त्याच वर्षी आलेल्या 'झुझू' या चित्रपटात ती कपडे धुणाऱ्या मुलीची गायिका होते. पिसांनी सजवलेल्या पिंजऱ्यात झोक्यावर बसून ती एक गाणं म्हणते. कॅमेरा जवळ आहे, पाय हलवायला जागाच नाही. नाच काढून घेतल्यावर बेकरकडे काय उरतं, ते त्या चार मिनिटांत दिसतं.

तिचा आवाज मोठा नव्हता, हे खरं. एडिथ पियाफ या फ्रेंच गायिकेचा जसा छातीतून उसळून येतो तसा तो कधीच नव्हता, आणि तसा दावा मी करणार नाही. पण आवाज लहान असणं आणि गळा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडेही लावणी करणाऱ्या बाईला 'नाचणारी' म्हणून मोकळं व्हायची जुनी खोड आहे. पाय दिसले की कान बंद होतात. तोच अन्याय इथं सात समुद्रांपलीकडच्या बाईवर मराठीतून होताना पाहिला, म्हणून एवढं लांबलं.

"आफ्रिकेतला रानटी नाच केला."

जोसेफिन जन्मली ३ जून १९०६ रोजी मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात. पॅरिस तिला आफ्रिकेची म्हणून नाचवत होतं तेव्हा तिनं आफ्रिका पाहिलेलीही नव्हती. तिचा नाच घडला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय फिरत्या मंडळ्यांमध्ये. आठव्या वर्षापासून ती गोऱ्यांच्या घरी मोलकरणीचं काम करत होती. शाळा सुटली ती त्यामुळे. अकराव्या वर्षी, १९१७ मध्ये, नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुइसमध्ये कृष्णवर्णीयांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. जीव वाचवून अलीकडे पळून आलेले लोक तिनं पाहिले. 'शिक्षण नव्हतं' असं लिहिणाऱ्यानं त्या शिक्षणाचं काय झालं, एवढं तरी लिहायला हवं होतं.

पंधराव्या वर्षी तिचं दुसरं लग्न झालं. नवऱ्याचं आडनाव बेकर. लग्न टिकलं नाही, आडनाव टिकलं. मग 'शफल अलाँग' या कृष्णवर्णीयांनीच रचलेल्या गाजलेल्या संगीतिकेत ती आली. तिथं समूहनृत्याच्या रांगेत शेवटच्या टोकाला एक मुलगी असायची. बाकीच्या मुलींसारखं नाचता येत नसल्याचं सोंग ती करायची, पाय चुकवायची, डोळे तिरळे करायची, आणि शेवटी सगळ्यांपेक्षा अवघड पावलं टाकून टाळ्या घेऊन जायची. ती टोकाची मुलगी म्हणजे जोसेफिन. पाय मुद्दाम चुकवता येण्यासाठी ताल हाडांत मुरलेला असावा लागतो. चार्ल्सटन आणि असे विनोदी नाच हे शहरी, रंगमंचावर घासून तयार झालेले प्रकार आहेत. त्यांत रानटी काही नाही.

'रानटी' हा शब्द आणला पॅरिसनं. २ ऑक्टोबर १९२५ रोजी शाँझेलिझे थिएटरात 'रेव्यू नेग्र' हा कृष्णवर्णीय कलाकारांचा नाचगाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातला शेवटचा नाच, ज्याचं नावच 'रानटी नृत्य' होतं, तो तालमींच्या वेळी तिथल्या लोकांच्या मागणीवरून घालण्यात आला. वसाहती बाळगणाऱ्या फ्रान्सला कृष्णवर्णीय बाई जशी बघायची होती, तशी ती दाखवली गेली. याबद्दल संताप करायचाच तर तो प्रेक्षकांवर करा. एकोणीस वर्षांच्या मुलीवर कसला? आणि केळी? तो घागरा वर्षभरानंतरचा, १९२६ मधला, फोली बेर्झेर या पॅरिसच्या दुसऱ्या रंगमंदिरातल्या कार्यक्रमातला. केळी खोटी होती. लोक हे दोन कार्यक्रम एकातच गुंडाळतात. तिथंही ती नुसती मिरवत नाही. जुन्या चित्रफितीत पाहिलं तर ती गाल फुगवते, डोळे फिरवते, आपल्याकडे टक लावून बघणाऱ्यांना हसवते, म्हणजे त्या टोकाच्या मुलीचंच काम इथंही करते.

पुढे १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'झिगफेल्ड फॉलीज'मध्ये तिच्यासाठी नृत्यरचना केली ती जॉर्ज बालांचिननं, विसाव्या शतकातल्या बॅलेच्या सगळ्यात मोठ्या नृत्यरचनाकारांपैकी एकानं.

"पळून गेली", "स्वतःच्या समाजासाठी काही केलं नाही."

पळून वगैरे काही नाही. कॅरोलाइन डडली या बाईंनी 'रेव्यू नेग्र'साठी कलाकार निवडले, करार केला आणि सगळा संच 'बेरेंगारिया' जहाजानं फ्रान्सला गेला.

पण समाजाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९३६ मध्ये ती अमेरिकेत मोठी तारका म्हणून परतली तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी तिला झोडपलं, आणि तिच्या रंगामुळे तिला दारोदार अपमान सोसावा लागला. पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९३७ रोजी, झाँ लिओं या ज्यू उद्योजकाशी लग्न करून ती फ्रेंच नागरिक झाली. गोष्ट इथं संपली असती तर मजकुराचं म्हणणं मी निदान अर्धं मान्य केलं असतं. ती संपली नाही. १९५१ मध्ये ती पुन्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि करारातच अट घातली: प्रेक्षागृहात गोरे आणि कृष्णवर्णीय वेगळे बसवायचे नाहीत. मायामीच्या कोपा सिटी क्लबला ती अट मान्य करावी लागली. त्या काळात दक्षिणेतल्या शहरात हे घडणं म्हणजे काय, ते तिथल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांना विचारायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यातले कितीतरी जण तिथं दर्शनी दारानं आत गेले असतील. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेनं २० मे १९५१ हा दिवस 'जोसेफिन बेकर दिन' म्हणून पाळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबमध्ये आपल्याला मुद्दाम ताटकळत ठेवलं अशी उघड तक्रार तिनं केली. त्यावरून वॉल्टर विंचेल या बलाढ्य स्तंभलेखकाशी तिचं वाजलं, त्यानं तिला कम्युनिस्ट ठरवायचा उद्योग केला, आणि अमेरिकेतली तिची कामं बंद पडली. समाजासाठी बोलण्यापायी मिळू शकणारे पैसे तिनं घालवलेले आहेत, हे लक्षात घ्या.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगनी ज्या व्यासपीठावरून भाषण केलं, त्याच व्यासपीठावरून तीही बोलली. सत्तावन्न वर्षांची होती. अंगावर युद्धकाळातला फ्रेंच गणवेश, छातीवर पदकं. राजेराण्यांच्या महालांत आणि राष्ट्राध्यक्षांच्या घरांत मी गेले, पण अमेरिकेतल्या हॉटेलात जाऊन मला कॉफी पिता येत नव्हती, अशा अर्थाचं ती तिथं बोलली.

"हेरगिरीची गोष्ट मागाहून रचली."

तो गणवेश तिला कोणी शोभेसाठी दिलेला नव्हता. युद्ध सुरू झालं तेव्हा, १९३९ मध्ये, फ्रेंच लष्करी गुप्तवार्ता विभागाचा अधिकारी झाक आब्ते तिला भेटला. वकिलातींतल्या मेजवान्यांना तिला आमंत्रणं असत, तिच्यासमोर लोक मोकळेपणानं बोलत, आणि ती कुठंही गेली तरी कारण तयार असे: गाण्याचा कार्यक्रम. फ्रान्स पडल्यावर जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये गायला तिनं नकार दिला आणि दोर्दोन्यमधल्या मिलांदच्या आपल्या हवेलीत गेली. १९४० च्या नोव्हेंबरात ती स्पेनमार्गे लिस्बनला निघाली. आब्ते खोट्या नावाचा पासपोर्ट घेऊन तिच्या लवाजम्यातला एक म्हणून सोबत होता. जर्मन हालचालींची माहिती तिच्या गाण्यांच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईनं लिहिलेली होती. सीमेवरच्या शिपायांना दिसली ती एक प्रसिद्ध गायिका आणि तिचं सामान. तिथून परतल्यावर मार्सेयमध्ये तिनं पुन्हा 'ला क्रेओल'चे प्रयोग लावले. ज्या गळ्याला मजकूर नाकारतो, त्याच गळ्याच्या आडोशानं हे सगळं काम चाललं होतं.

पुढे ती उत्तर आफ्रिकेत गेली. कासाब्लांकाच्या दवाखान्यात १९४१ पासून दीड वर्षाहून अधिक काळ ती गंभीर आजारी होती. अमेरिकेत ती गेल्याची बातमीसुद्धा छापून आली. बरी झाल्यावर वाळवंटातून, जीपमधून, छावणीमागून छावणी करत तिनं सैनिकांसाठी गाणी म्हटली.

आब्तेनं १९४८ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या काही प्रसंगांना रंग चढवलेला असू शकतो. जुने सैनिक सांगतात तसं सांगणं ते. पण त्या पुस्तकावाचूनही पुरावा उभा राहतो. १९४४ मध्ये फ्रेंच हवाई दलाच्या महिला विभागात तिला अधिकारपद मिळालं. १९४६ मध्ये प्रतिकार लढ्याचं पदक मिळालं. १९६१ मध्ये जनरल मार्शियाल वालँ यांनी मिलांदला येऊन तिच्या छातीवर लेजियों दॉनर हा फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान आणि क्र्वा द गेर हे युद्धपदक लावलं. हे वालँ युद्धकाळात स्वतंत्र फ्रेंच हवाई दलाचे प्रमुख होते. तिनं काय केलं, ते त्यांना कोणाकडून ऐकायची गरज नव्हती.

"मुलं गोळा केली, पैसा उधळला, भिकेला लागून मेली."

इथं मजकुरात सत्य जास्त आहे, आणि ते मी झाकणार नाही. १९५४ पासून तिनं वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या धर्मांतली बारा मुलं दत्तक घेतली. मुलं वेगळ्या रंगांची असली तरी भावंडं म्हणून वाढू शकतात, हे तिला जगाला दाखवायचं होतं. पण जगाला दाखवायचं म्हणजे मुलांना दाखवायचं. मिलांदला तिकीट काढून पर्यटक येत आणि मुलांना खेळताना बघत. लहानपणी स्वतः लोकांच्या नजरांखाली वाढलेल्या बाईनं आपल्या मुलांवर तीच नजर ओढवून घेतली, याचं मला वाईट वाटतं. पैशाचा हिशेब तर तिला कधी जमलाच नाही. हवेली, नोकरचाकर, हॉटेल, करमणुकीचं उद्यान, सगळं कर्जावर. १९६८ मध्ये हवेली विकली गेली आणि १९६९ मध्ये तिला अक्षरशः बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या पायरीवर डोक्याला टोपी घालून, पांघरूण घेऊन बसलेल्या जोसेफिनचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. मजकुरासोबत तेच छायाचित्र जोडलं आहे.

पण त्या पायरीवर ती मेली नाही. मोनाकोच्या राजघराण्यातल्या ग्रेसनं मदत केली, मोनाकोजवळ रोकब्रूनला मुलांसाठी घर मिळालं, आणि बासष्टीत ती पुन्हा कामाला लागली. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली, तिथं लोक उभे राहिले. ८ एप्रिल १९७५ रोजी पॅरिसच्या बॉबिनो थिएटरात तिच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवरचा कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षागृह भरलेलं होतं. परीक्षणं उत्तम आली. दोन दिवसांनी ती अंथरुणात बेशुद्ध सापडली, आजूबाजूला तीच वर्तमानपत्रं पसरलेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. १२ एप्रिलला ती गेली. वय अडुसष्ट. मादलेनच्या चर्चमध्ये लष्करी मानवंदनेसह अंत्यसंस्कार झाले, रस्ते माणसांनी भरून गेले होते. भिकारणीचं मरण याला म्हणत नाहीत.

'झे दो झामूर' ती शेवटपर्यंत गात राहिली, पण नंतरच्या काळात एका जागी शब्द बदलून. मूळ गाण्यात 'माझा देश आणि पॅरिस' असं आहे. ती म्हणायची, 'माझा देश म्हणजेच पॅरिस'. फ्रेंचमध्ये एवढाच फरक आहे, एका अक्षराचा. १९३० मध्ये ते गाणं एका कल्पित आफ्रिकन मुलीच्या तोंडी घातलेलं होतं, जिला गोरा प्रियकर सोडून जाणार असतो. चाळीस वर्षं घासून तिनं ते स्वतःचं केलं.

"थोर माणसांच्या शेजारी पुरलं."

पुरलेलं नाही. तिचं शरीर मोनाकोच्या दफनभूमीतच आहे. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पँथेऑनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या थोरांच्या स्मारकात, हवाई दलाच्या जवानांनी वाहून नेली ती एक प्रतीकात्मक शवपेटी. तिच्यात सेंट लुइस, पॅरिस, मिलांद आणि मोनाको इथली माती होती. तारीख तिच्या नागरिकत्वाची निवडली होती. तिथं मान मिळालेली ती सहावी स्त्री, आणि पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

एवढं सगळं मावशीला पाठवलं, आणि सोबत दोन ध्वनिमुद्रणं, १९२६ चं आणि १९३० चं. रात्री तिचा निरोप आला. वाचेन म्हणाली सावकाश, चष्मा बदलायचाय. गाणी मात्र दोनदा ऐकली होती. "दुसरं जास्त आवडलं. त्यात ती सारखं रावी, रावी म्हणते, ते काय गं?"